ॲक्सिअम-४: ड्रॅगनने स्पेस स्टेशनला जाऊन-येऊन, तिकीट ५५० कोटी, पैसे वसूल झाले का?

सुरुवातीलाच क्लिअर करतो, मी वर गेलेलो नाही आणि जायची शक्यताही नाही. पण या ट्रिपमधलं एक तिकीट भारत सरकारने काढलं होतं, साधारण ५५० कोटींचं, ते पैसे आपल्याच टॅक्समधून गेले, म्हणजे गिऱ्हाईक आपणच झालो ना, मग रिव्ह्यू लिहायला काय हरकत आहे. जो माणूस प्रत्यक्ष गेला, ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला, तो एअरफोर्सचा शिस्तीचा माणूस, तो काय सर्व्हिसला स्टार देत बसणार नाही. लाँच, डॉकिंग (गाडी स्टेशनला जोडली जाते ते), परतीचा प्रवास, सगळं लाइव्ह बघितलंय, प्रेस कॉन्फरन्सही ऐकल्यात, त्या जोरावर लिहितोय.

ज्यांनी फॉलो केलं नव्हतं त्यांच्यासाठी पॅकेज काय होतं ते पटकन. बुकिंग ॲक्सिअम स्पेस या ह्यूस्टनच्या कंपनीकडे, गाडी स्पेसएक्सची (ड्रॅगन कॅप्सूल, आणि वर फेकायला फाल्कन ९ रॉकेट), मुक्काम इंटरनॅशनल स्पेस स्टेशनवर, जिथलं भाडं नासा घेते. चौघं जण. कमांडर पेगी व्हिटसन, नासातून रिटायर होऊन ॲक्सिअममध्ये आलेल्या, आणि अंतराळात सगळ्यात जास्त दिवस राहिलेल्या अमेरिकन व्यक्तीचा रेकॉर्ड त्यांच्याच नावावर आहे. पायलटच्या सीटवर आपले शुक्ला. मग पोलंडचे स्वावोश उझनान्स्की-विश्नेव्स्की आणि हंगेरीचे टिबोर कापू. भारत, पोलंड, हंगेरी, तिन्ही देशांचं चाळीसेक वर्षांनी पुन्हा अंतराळात जाणं, आणि स्टेशनवर तर तिघांचंही पहिल्यांदाच. आपले राकेश शर्मा गेले ते ३ एप्रिल १९८४ ला, सोयुझने, बैकानूरवरून, सोव्हिएत सल्यूत ७ स्टेशनवर. तेव्हा तिकीट वगैरे प्रकार नव्हता, मैत्रीखात्यात गेले. आता रोकडा व्यवहार.

आता सगळ्यात मोठी तक्रार जी सगळ्यांनी केली, तारखा. बाप रे तारखा. आधी २९ मे म्हणाले, मग ८ जून, मग १०, मग ११, मग १९, मग २२, आणि शेवटी २५ जून २०२५, बुधवार. प्रत्येक वेळी आमच्या ग्रुपवर तेच, 'आज पण नाही का', 'जाऊ द्या हो, पुढच्या वर्षी बघू', आणि न्यूज चॅनलवाले तर प्रत्येक तारखेला लखनौला शुक्लांच्या घरी कॅमेरा घेऊन हजर, त्या आईवडलांची कमाल आहे. तिकडे फ्लोरिडात हे चौघं महिनाभर क्वारंटाइनमध्ये बसून. साध्या विमानाला दोन तास उशीर झाला तर आपण काउंटरवर जाऊन भांडतो, इथे जवळपास चार आठवडे.

आणि तरी माझं मत विचाराल तर या अख्ख्या सर्व्हिसमधला सगळ्यात भारी भाग तो उशीरच होता. खरंच सांगतो. आपल्या ५५० कोटींपैकी मोठी वसुली उड्डाणाच्या आधी झालीय, पण त्याच्यावर कोणी बोलत नाही, सगळे शुक्लांनी वर नेलेल्या हलव्यावर बोलतात.

झालं काय, १० जूनला वारं जास्त होतं, तो उशीर ठीक आहे, हवामानाला कोण काय करणार. पण त्याच सुमारास स्टॅटिक फायर म्हणजे रॉकेट जमिनीला बांधून इंजिन पेटवून बघतात ती टेस्ट झाली, आणि त्यानंतरच्या तपासणीत बूस्टरमध्ये (म्हणजे रॉकेटच्या खालच्या टप्प्यात) लिक्विड ऑक्सिजनची गळती दिसली. हा बूस्टर आधी एकदा उडून आलेला होता. स्पेसएक्सचे बिल गर्स्टनमायर यांनी प्रेससमोर सरळ सांगितलं की मागच्या उड्डाणातच ही गळती होती आणि उड्डाणानंतरच्या डागडुजीत ती पूर्ण दुरुस्त झाली नव्हती. (हे उघड सांगितलं याबद्दल मार्क द्यायला पाहिजेत, पण दुरुस्त झाली नव्हती याबद्दल कापायलाही पाहिजेत, ते पुढे बघू.) इस्रोची टीम अध्यक्ष व्ही. नारायणन यांच्यासकट तिथेच होती. नारायणन यांनी नंतर जाहीर कार्यक्रमात सांगितलंय की आपल्या लोकांनी रेटून धरलं, नुसतं 'एवढ्या गळतीने काही होत नाही' चालणार नाही, कारण शोधा, दुरुस्त करा, पुन्हा टेस्ट करून दाखवा, आणि शोधल्यावर ऑक्सिजनच्या लाइनमध्ये चक्क तडा सापडला. तसंच उडवलं असतं तर अनर्थ झाला असता असं ते स्पष्ट म्हणाले. लिक्विड ऑक्सिजन म्हणजे काय हे ज्याला माहितीये त्याला समजावून सांगायला नको. उणे १८३ अंशांच्या खाली ठेवायचं द्रव, आणि ते जिथे नको तिथे सांडलं, जवळ काही पेटण्यासारखं असलं की संपलं.

आता विचार करा, गिऱ्हाईक फक्त पैसे भरून फोटो काढायला गेलेलं असतं तर? इस्रोवाले गेली कित्येक दशकं क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनाच्या) इंजिनांशी झटतायत, ऑक्सिजन लाइन कशी वागते हे त्यांना पाठ आहे, म्हणून तोंड उघडू शकले. नुसतं तोंड उघडलं एवढंच नाही, समोरच्याने ऐकलंही. स्पेसएक्ससारखी कंपनी, जी वर्षाला शंभरावर रॉकेटं उडवते, ती थांबली. दोन्ही बाजूंना याचे मार्क.

मग ११ तारीख गेली, आणि वरून दुसरंच त्रांगडं. स्टेशनच्या रशियन बाजूला झ्वेझ्दा म्हणून मॉड्यूल (स्टेशनचा एक डबा) आहे, त्याच्या शेपटाकडच्या बोळात २०१९ पासून हवा गळत होती, रशियन लोकांनी तिथे डागडुजी केली, आणि त्यानंतर दाबाचे आकडे वेगळेच यायला लागले. नासा म्हणाली, आधी हे काय आहे ते कळू दे, मग पाहुणे पाठवा. २२ जून पण त्यातच गेली. घरमालकाने 'आत्ता येऊ नका, आमच्याकडे लीकेज चाललंय' असं स्वतः सांगणं ही पण सर्व्हिसच आहे हो, बऱ्याच जागी आपण पोचल्यावर कळतं.

शेवटी २५ जूनला आपल्याकडे दुपारी १२ वाजून १ मिनिट, तिकडे फ्लोरिडात रात्रीचे अडीच, केनेडी स्पेस सेंटरचं ३९ए पॅड. हे तेच पॅड जिथून अपोलो ११ गेलं होतं. ऑफिसात जेवणाची सुट्टी व्हायच्या आत लाँच म्हणजे आमची सोयच झाली. रॉकेटचा खालचा टप्पा अडीचेक मिनिटांत सुटला आणि काही मिनिटांत परत येऊन जमिनीवर उभा राहिला, आणि लाँचनंतर दहाएक मिनिटांत ड्रॅगन मोकळी. जाताना काय वाटतं ते शुक्लांनी वरूनच हिंदीत सांगितलं, की ४१ वर्षांनी आपण परत अंतराळात पोचलो आणि राइड कमालीची होती. कक्षेत वेग सेकंदाला साडेसात किलोमीटर. म्हणजे पुणे ते मुंबई वीस सेकंदांच्या आसपास, खंडाळ्यात ट्रॅफिक नाही हे गृहीत धरून.

चौघांनी कॅप्सूलला वर गेल्यावर नाव दिलं 'ग्रेस'. क्रू ड्रॅगनमधली ही पाचवी आणि शेवटची गाडी, कोरी करकरीत, हिचं हे पहिलंच उड्डाण. वजनरहित झालं की कळावं म्हणून केबिनमध्ये एक खेळणं तरंगत सोडतात, यांनी नेला होता 'जॉय' नावाचा हंस. शुक्लांनी तिथून समजावून सांगितलं की आपल्याकडे हंस सरस्वतीचं वाहन, दूध आणि पाणी वेगळं करणारा विवेक. नीर-क्षीर विवेक शाळेतल्या सुभाषितांनंतर थेट कक्षेतून ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं, आवडलं.

आता गाडीबद्दल. बाहेरून ड्रॅगन देखणी आहे, पांढरी, आत टचस्क्रीन, स्विचचं जंगल नाही, सूट पण सिनेमात शोभतील असे. आत जागा किती तर ९.३ घनमीटर, म्हणजे आपल्या फ्लॅटमधल्या एका छोट्या बाथरूमएवढी, त्यात चार माणसं २८ तास. डिझाइन मुळात सात सीटचं होतं, नंतर चारवर आणलं, कारण पाण्यावर आदळताना शरीराला बसणारा झटका पेलायचा तर सीटचा कोन बदलायला लागला. हे उत्तम केलं, माणसं कोंबली नाहीत.

२८ तास मात्र मला खटकले. रशियाची जुनीपानी सोयुझ जमून आलं तर तीन-सव्वातीन तासांत स्टेशनला लागलेली आहे. ड्रॅगनचं त्या त्या दिवशी स्टेशन कक्षेत कुठे आहे त्यावर ठरतं, पाठलाग करत हळूहळू वर चढायचं. सुरक्षित आहे, मान्य, पण पहिल्यांदा गेलेल्या माणसाला पहिल्या दिवशीच मळमळ, डोकं जड, चेहरा सुजलेला असं सगळं होतं, आणि तोच दिवस त्या डब्यात काढायचा. शुक्ला स्वतः म्हणाले की पहिला दिवस काही फार बरा गेला नाही, नंतर झोपच खूप लागत होती. स्टेशनवर पोचल्यावरही डोकं जड असल्याचं त्यांनी हसत हसत कबूल केलं.

टॉयलेटबद्दल लिहायलाच पाहिजे कारण रिव्ह्यूमध्ये लोक आधी तेच शोधतात. ड्रॅगनमध्ये वरच्या बाजूला हॅचजवळ पडदा लावून सोय आहे, पंख्याने ओढून घेणारी. २०२१ मध्ये इन्स्पिरेशन४ या ड्रॅगनच्याच खाजगी ट्रिपला तिथली एक नळी सुटली आणि लघवी फरशीखाली पसरली, मग दुसऱ्या ड्रॅगनमध्येही तीच भानगड सापडली, आणि त्या गाडीने परत येणाऱ्या चौघांना टॉयलेट बंद म्हणून डायपर लावून यायला लागलं. नंतर डिझाइन बदललं. ॲक्सिअम-४ ला तसली काही बातमी आली नाही, म्हणजे ठीक चाललं असावं.

पायलट या पदाबद्दल पण थोडं. टीव्हीवर आपल्याकडे असं दाखवत होते जणू शुक्ला स्टिअरिंग धरून चालवतायत. ड्रॅगन स्वतः जाते, स्वतः लागते. पायलट आणि कमांडरचं काम सगळ्या सिस्टिमवर नजर ठेवणं, आणि काही बिघडलं तर टचस्क्रीनवरून हातात घेणं. हे काम सोपं नाही, उलट काहीच न बिघडता सतत तयार राहणं जास्त अवघड असेल. पण 'चालवली' म्हणू नका, टेस्ट पायलट माणूस आहे तो, त्याला खोट्या कौतुकाची गरज नाही.

डॉकिंग २६ जूनला आपल्या घड्याळात संध्याकाळी ४ वाजून १ मिनिटाने झालं, दिलेल्या वेळेच्या जवळपास अर्धा तास आधी. महिनाभर लेट असलेली गाडी अर्धा तास बिफोर टाइम! हार्मनी मॉड्यूलच्या वरच्या बाजूला लागली. ते शेवटचे काही मीटर एवढ्या सावकाश असतात की वाटतं चित्र अडकलं की काय, आणि आधी नुसतं हळूच धरतं, मग बारा हुक आवळले जातात. त्यानंतर लगेच दार उघडत नाही, हवा गळतेय का बघायचं, दोन्हीकडचा दाब सारखा करायचा, यात दोन तास. ज्यांनी डॉकिंग झाल्याझाल्या लाइव्ह बंद केलं त्यांचं मजेशीर तेच हुकलं, एकेक जण डोकं पुढे काढून पोहत आत येतो तो सीन. स्वागताला सात जण, एकूण अकरा. व्हिटसन यांनी शुक्लांना पिन लावली, ६३४ नंबरची, म्हणजे अंतराळात गेलेली ६३४ वी व्यक्ती.

आता मुक्काम. इथे रेट कार्ड बघून मी हसून हसून पडलो. नासाने २०१९ मध्ये खाजगी पाहुण्यांसाठी दर जाहीर केले होते, लाइफ सपोर्ट आणि टॉयलेट मिळून दिवसाला ११,२५० डॉलर, खाणं, हवा, औषधपाणी वगैरे २२,५०० डॉलर, वीज युनिटला ४२ डॉलर, आणि डेटा एका जीबीला ५० डॉलर. ५० डॉलर! आपल्याकडे तेवढ्यात माणूस वर्षभर रील्स बघतो. पुढे २०२१ मध्ये दर बदलले, त्यात नुसतं जेवण माणशी दिवसाला २,००० डॉलर. ह्या लोकांचे स्टेशनवर १८ दिवस धरले तर एकाच्या जेवणाचे ३६,००० डॉलर, म्हणजे तीस लाखांच्या घरात, आणि तेही पाकिटातलं. दर जाचक वाटतात पण मुळात एक किलो सामान वर न्यायचाच खर्च एवढा आहे की नासा यात काही कमावत असेल असं वाटत नाही.

जेवण आपल्या माणसाने घरूनच नेलं होतं म्हणा ना. गाजर हलवा, मूग डाळीचा हलवा आणि आमरस. आमरस ऐकून महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात एकच प्रश्न आला असणार की पुरी कुठाय, तर पुरी नाही, कारण चुरा होणारं काही वर चालत नाही, कण तरंगत जाऊन डोळ्यात नाहीतर मशीनमध्ये. म्हणून तिथे ब्रेडऐवजी टॉर्टिया खातात. म्हणजे पोळी चालेल! नुसता आमरस पाकिटातून चोखायचा हे मला पटत नाही पण १८ दिवसांत एकदा तरी मिळाला हे काय कमी. पोलंडवाल्याने पिएरोगी (तिकडच्या सारण भरलेल्या करंज्या) नेले होते, सगळ्यांनी एकमेकांचं चाखलं.

झोपायची व्यवस्था साधारण. स्टेशनवर झोपायच्या खोल्या मोजक्याच, त्या तिथे मुक्कामी असलेल्यांच्या, पाहुणे मग भिंतीवर, छताला, जिथे जागा मिळेल तिथे स्लीपिंग बॅग बांधून. पंतप्रधानांशी बोलताना शुक्लांनी हेच सांगितलं, की झोपणं हे इथलं मोठं आव्हान आहे आणि आत्ता बोलतानाही पाय बांधून उभा आहे, नाहीतर तरंगत जाईन. पंख्यांचा आवाज रात्रंदिवस. दिवसाला सोळा सूर्योदय, सोळा सूर्यास्त, दर नव्वद मिनिटांनी पृथ्वीला एक फेरी. व्ह्यू मात्र जगात नंबर एक, क्युपोला म्हणून सात खिडक्यांचा घुमट आहे, त्याला सहा स्टार.

स्टेशन आपल्या डोक्यावरून जातं हे किती जणांना माहितीये माहीत नाही. कक्षा ५१.६ अंश कललेली आहे म्हणून महाराष्ट्रावरून नियमित फेऱ्या होतात, संध्याकाळी किंवा पहाटे नुसत्या डोळ्यांनी दिसतं, न लुकलुकता सरकणारा तेजस्वी ठिपका, वेळ सांगणारं नासाचं ॲप फुकट आहे. पण ही ट्रिप पडली नेमकी आषाढात. तिकडे शुक्ला वर, इकडे पालख्या वाटेवर, ६ जुलैची आषाढी एकादशी पण त्यांच्या मुक्कामातच आली, आणि आमच्याकडे आभाळ असं गच्च की ठिपका सोडा, चंद्र दिसेना. आपला माणूस डोक्यावरून ४०० किलोमीटरवरून जातोय आणि आपण छत्री धरून उभे. हे पॅकेजमध्ये कोणी लिहिलं नव्हतं.

काम काय केलं ते थोडक्यात. चौघांचे मिळून साठेक प्रयोग, ३१ देशांचे. भारताचे सात, त्यात मूग आणि मेथीला अंतराळात मोड कसे येतात हा धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि आयआयटीचा प्रयोग, स्नायूंच्या पेशींवरचा एक, शेवाळं, टार्डिग्रेड नावाचे चिवट सूक्ष्मजीव, स्क्रीन सतत बघण्याने डोळे-मेंदूवर काय होतं तेही. मुगाला मोड आणायला ५५० कोटी का असे मीम फिरले भरपूर. मला ते मीम आवडले पण मुद्दा चुकीचा आहे. उद्या आपलं स्वतःचं स्टेशन व्हायचं, सरकार २०३५ म्हणतंय, तर तिथे खायला ताजं काय उगवेल हे आजच बघायला लागणार, आणि मोड यायला माती लागत नाही, ऊन लागत नाही, दोन दिवसांत भाजी तयार. माझी खरी तक्रार वेगळी, की प्रयोगांचे निकाल लोकांपर्यंत येत नाहीत. हलव्याची बातमी तासाभरात, मुगाचं काय झालं त्याची बातमी शोधून सापडत नाही.

मुक्काम १४ दिवसांचा ठरला होता, वाढून १८ झाला. लेट चेकआउट, तक्रार नाही.

परतीचा प्रवास मला लाँचपेक्षा जास्त धडकी भरवतो. १४ जुलैला संध्याकाळी पावणेपाचला सुटले, १५ ला दुपारी ३ वाजून १ मिनिटाने कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या समुद्रात. मध्ये कक्षेतून खाली यायला इंजिनं १८ मिनिटं चालवली, मग वातावरणात शिरताना बाहेर १,६०० अंश, आणि काही मिनिटं संपर्क पूर्ण बंद. ती मिनिटं कोणी बोलत नाही, कॉमेंटेटर पण उगाच इकडचं तिकडचं सांगत राहतात. मग आधी दोन छोटी पॅराशूट, मग चार मोठी, चारही नीट फुललेली दिसली की जीव भांड्यात.

एक बारीक गोष्ट आवडली ती सांगतो. आधी ड्रॅगन फ्लोरिडाच्या बाजूला उतरायची आणि मागचा ट्रंक म्हणून जो भाग असतो तो आधीच कक्षेत सोडून द्यायचे, जळून जाईल या हिशोबाने. तो पूर्ण जळला नाही. ऑस्ट्रेलियात शेतात तुकडे पडले, कॅनडात पडले, अमेरिकेतच नॉर्थ कॅरोलायनात पडले. म्हणून २०२५ पासून उतरायची जागाच पॅसिफिकला हलवली, आता खाली यायचं इंजिन चालवून झाल्यावर ट्रंक सोडतात म्हणजे उरलंसुरलं समुद्रात. लोकांची तक्रार आल्यावर रूट बदलणारी सर्व्हिस विरळाच.

आल्यावर शुक्लांनी प्रेसला सांगितलेला किस्सा भारी आहे, पलंगावर बसून लॅपटॉपवर काम करत होते, झालं म्हणून बंद करून बाजूला हवेतच सोडला, तरंगेल म्हणून. खाली कार्पेट होतं म्हणून वाचला.

आता दुसरे पर्याय काय होते ते बघितल्याशिवाय भाव कळत नाही. २०१४ मध्ये नासाने दोघांना कंत्राट दिलं, बोइंगला ४.२ अब्ज डॉलर, स्पेसएक्सला २.६ अब्ज. जास्त पैसेवाल्याची स्टारलायनर ५ जून २०२४ ला सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना घेऊन गेली, आठेक दिवसांसाठी. वाटेत हेलियम गळायला लागलं, २८ पैकी पाच थ्रस्टर (दिशा सांभाळणारी छोटी इंजिनं) बंद पडले, चार परत चालू झाले, पण नासाने सरळ सांगितलं की माणसं यातून आणणार नाही. गाडी रिकामी परत आली, आणि सुनीता मार्च २०२५ मध्ये ड्रॅगनने, २८६ दिवसांनी. त्यांना आणणाऱ्या गाडीचा कमांडर निक हेग, जो स्वतः २०१८ मध्ये सोयुझचं रॉकेट मध्येच बिघडल्यावर एस्केप सिस्टिममुळे वाचलेला. म्हणजे या धंद्यात कोणाचीच गाडी निर्धोक नाही. सीटचा अंदाज नासाच्या इन्स्पेक्टर जनरलने २०१९ मध्ये काढला होता तो ड्रॅगन ५.५ कोटी डॉलर, स्टारलायनर ९ कोटी, आणि सोयुझनेही शेवटी शेवटी ९ कोटींपर्यंत भाव चढवला होता. आपले ५५० कोटी रुपये म्हणजे साडेसहा कोटी डॉलरच्या आसपास, ट्रेनिंग धरून. महाग आहे, पण फसवणूक नाही.

आणि ट्रेनिंग हाच खरा माल. शुक्ला आणि त्यांचे बॅकअप ग्रुप कॅप्टन प्रशांत नायर, दोघंही ह्यूस्टनला, स्पेसएक्सकडे, युरोप-जपानच्या सेंटरला शिकून आले. इस्रोच्या डॉक्टरांनी, फ्लाइट कंट्रोलवाल्यांनी माणूस वर असतानाचं कामकाज शेजारी बसून बघितलं. गगनयानचं बजेट २०,१९३ कोटी आहे, त्यात तिघांना ४०० किलोमीटरवर आपल्याच रॉकेटने न्यायचंय, श्रीहरिकोटाहून. त्या रकमेच्या जेमतेम पावणेतीन टक्क्यांत एक माणूस पूर्ण तयार आणि एक टीम अनुभव घेऊन आली. शिवाय 'तडा सापडेपर्यंत उडवायचं नाही' हा जो हट्ट तिथे चालवून दाखवला तो आता आपल्या स्वतःच्या गाडीवर चालवायचाय, जेव्हा तारखेचं प्रेशर आपल्याच लोकांचं असेल, १५ ऑगस्ट, निवडणूक, काय काय. तेव्हा मी हाच रिव्ह्यू ग्रुपवर परत टाकणार आहे.

स्टार: पाचपैकी चार. पूर्ण एक कापला तो बूस्टरसाठी, तडा कंपनीने गिऱ्हाइकाच्या आधी स्वतः शोधायला हवा होता. प्रवासाचे २८ तास आणि झोपायची जागा यासाठी अजून अर्धा कापणार होतो पण क्युपोलाने भरून काढला. जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी, स्टेशन २०३० पर्यंतच चालवायचं ठरलंय, नंतर ते पॅसिफिकमध्ये पाडायचं कंत्राटसुद्धा स्पेसएक्सलाच गेलंय, ८४.३ कोटी डॉलरपर्यंतचं, तेव्हा बुकिंग लवकर करा. आणि तारीख मिळाली की त्या महिन्यात घरात लग्नकार्य ठेवू नका.